तूर अजून बाजारात, अस्वल अजून रानात: शेअर बाजारातला ‘बेअर’ म्हणजे नेमका कोण?

दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन विकून झालं होतं, कापसाची वेचणी सुरू होती आणि तूर पिवळी फुलं घेऊन उभी होती. संध्याकाळी आमच्या गावातला एक मुलगा घरी आला. मी तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवतो, त्यामुळे बँकेच्या कागदापासून पीकविम्याच्या अर्जापर्यंत काहीही अडलं की पोरं माझ्याकडे येतात. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, “सर, मी तं विकलं होतं. घेतलं काहीच नव्हतं. मंग विकणाऱ्याचं नुकसान काहून झालं?”

मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपात सकाळी निरोप आला होता: बाजार पडणार, आज ‘बेअर’ व्हा. ह्यानं एका कंपनीचे २०० शेअर ३४० रुपयांना विकले. ते त्याच्याकडे नव्हतेच. खात्यात होते १४,००० रुपये, आणि व्यवहार झाला ६८,००० चा. दुपारी त्या कंपनीची काहीतरी चांगली बातमी आली, भाव चढत चढत दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन अडकला, आणि परत घ्यायला एकही शेअर कुणी विकेना. दुसऱ्या दिवशी लिलावात ते शेअर ४२५ रुपयांनी घेतले गेले. शेअरमागे ८५ रुपये, २०० शेअरचे १७,०००, वर दलाली आणि दंड. खात्यातले १४,००० तर गेलेच, उरलेलं देणं अंगावर आलं.

बेअर म्हणजे अस्वल, आणि अस्वल म्हणजे मंदीवाला, एवढं त्याला ठाऊक होतं. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. हा शब्द कुठून आला हे आधी ऐकलं असतं तर कदाचित त्यानं ते बटण दाबलं नसतं, म्हणून मला हे सविस्तर लिहावंसं वाटतं.

### उसनी तूर

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा हिस्सा. तो आधी घ्यायचा, भाव वाढला की विकायचा, हा सरळ रस्ता सगळ्यांना कळतो. बेअर उलट्या टोकाकडून चालतो. तो आधी विकतो आणि मग घेतो. ह्याला बाजारात ‘शॉर्ट सेलिंग’ म्हणतात. मी त्याला उसनी विक्री म्हणेन, कारण उसनवारी आपल्या गावात सगळ्यांना कळते.

समजा, दिवाळीच्या सुमारास तुरीला क्विंटलमागे १०,००० रुपये भाव आहे. माझ्या घरात तूर नाही. पण शेजारच्या काकाजींच्या कोठीत मागच्या सालचे दोन कट्टे पडलेले आहेत. मला वाटतं, संक्रांतीनंतर नवी तूर आली की भाव उतरेल. मी काकाजींना म्हणतो, “एक क्विंटल उसनी द्या, नवीन आली का क्विंटलच परत देतो, अन् वर थोडी जास्तीची.” ती तूर मी बाजार समितीत नेऊन १०,००० ला विकतो. माघ महिन्यात भाव ८,००० होतो. मी एक क्विंटल विकत घेतो, काकाजींच्या कोठीत ओततो, वर पायलीभर जास्त देतो. जवळजवळ दोन हजार माझ्याकडे उरतात. माझं शेत नाही, पेरणी नाही, फवारणी नाही. भाव पडला, एवढीच माझी कमाई.

आता दुसरी बाजू. फुलोऱ्यात धुवारी पडली, पाठोपाठ मर रोग आला, आणि माघात तूर १३,००० ला गेली. काकाजी माझे दहा हजार मागत नाहीत, ते आपली तूर मागतात. क्विंटलभर तूर द्यायची तर मला १३,००० मोजावेच लागतील.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्यानं विकलं असं मोबाइलवर दिसत होतं. खरं म्हणजे त्यानं कर्ज घेतलं होतं, आणि तेही पैशाचं नाही, मालाचं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात वाढीदिढीनं धान्य घ्यायची रीत होती. पेरणीच्या वेळी मण घ्यायचा, खळ्यावर दीड मण द्यायचा. ज्यांनी तो काळ ऐकला आहे त्यांना मालाचं कर्ज काय असतं ते वेगळं सांगायला नको. पैशाच्या कर्जात निदान मुद्दल किती ते ठरलेलं असतं. मालाच्या कर्जात मुद्दलच चढू शकतं.

ह्यातून एक साधा हिशोब निघतो. १०० रुपयांचा शेअर विकत घेतला तर जास्तीत जास्त १०० रुपये बुडतील, कारण भाव शून्याच्या खाली जात नाही. तोच शेअर उसना विकला तर फायदा फार तर १०० रुपये, आणि तोटा? भाव २०० झाला तर १००, ५०० झाला तर ४००. वर छत नाही.

### मग ह्यात अस्वल कुठून आलं?

बाजाराची माहिती सांगणारे बहुतेक जण असं समजावतात: वळू शिंगांनी वर उडवतो म्हणून तेजीला ‘बुल’, अस्वल पंजा खाली मारतं म्हणून मंदीला ‘बेअर’. मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या डोंगरपट्ट्यात अस्वलाचा हल्ला ज्यानं जवळून पाहिला आहे त्याला हे पटकन पटेल. मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसासमोर अस्वल दोन पायांवर उभं राहतं आणि पंजा वरून खालीच येतो. लक्षात ठेवायला ही खूण चांगली आहे. पण शब्दाचा इतिहास दुसराच आहे.

इंग्रजीत एक जुनी म्हण आहे: अस्वल धरण्याआधी त्याचं कातडं विकू नये. थंड मुलखात अस्वलाच्या केसाळ कातड्याला चांगली किंमत येई. ह्या म्हणीची गोष्ट युरोपात पंधराव्या शतकापासून लिहिलेली सापडते, आणि गंमत म्हणजे तिचा अर्धा भाग आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला आहे. दोन मित्र रानातून चाललेले असतात, अस्वल येतं, एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडून राहतो. अस्वल त्याला हुंगून निघून जातं. आपल्या गोष्टीत अस्वल कानात सांगतं की संकटात सोडून जाणारा मित्र खरा नव्हे. युरोपातल्या दुसऱ्या रूपात ते दोघे मित्र रानात शिरण्याआधीच एका कातडेवाल्याला अस्वलाचं कातडं विकून आलेले असतात. तिथं अस्वल कानात सांगतं: मला मारण्याआधी माझं कातडं विकत जाऊ नकोस.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शेअरांचे सौदे जोरात चालत. जवळ नसलेले शेअर विकणाऱ्या दलालांना लोक ‘अस्वलाचं कातडं विकणारे’ म्हणू लागले. पुढे कातडं गळून पडलं आणि नुसतं अस्वल राहिलं. १७२० मध्ये ‘साउथ सी’ नावाच्या कंपनीचा शेअर आभाळाला भिडून कोसळला, हजारो लोक बुडाले, आणि त्या गदारोळात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. ‘बुल’ त्याचा जोडीदार म्हणून आला. वळू नेमका का निवडला ह्याविषयी जाणकारांत एकमत नाही, पण त्या काळी लंडनमध्ये वळू आणि अस्वल यांना बांधून त्यांच्यावर कुत्रे सोडायचे खेळ चालत, तेव्हा ही दोन जनावरं लोकांच्या मनात जोडीनंच असणार.

आपल्याकडे ही समज पूर्वीपासून आहे, आणि तीही नेमकी तुरीवरून. “बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.” तूर अजून घरात आलेली नाही, आणि वरण घट्ट करायचं की पातळ यावरून नवरा-बायकोची भांडणं लागलेली. लंडनच्या लोकांना म्हणायचं होतं ते ह्याहून फार वेगळं नव्हतं. फरक एवढाच की भटानं तुरीचा सौदा केलेला नव्हता. बेअर सौदा करून मोकळा झालेला असतो.

### वाऱ्याचा व्यापार

नाव लंडनचं असलं तरी धंदा त्याहून जुना आहे. हॉलंडची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि ॲम्स्टरडॅममध्ये तिच्या शेअरांची खरेदी-विक्री सुरू झाली. आयझॅक ल मेर हा तिचा मोठा भागधारक. त्याचं कंपनीशी बिनसलं. १६०९ मध्ये त्यानं साथीदार जमवले आणि जवळ नसलेले शेअर पुढच्या तारखांच्या वायद्यानं विकायला सुरुवात केली. कंपनीबद्दल वाईट वार्ता पसरवल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. भाव घसरला, कंपनीनं सरकारकडे धाव घेतली, आणि १६१० मध्ये असे शेअर विकायला बंदी आली. डच लोक ह्या धंद्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. हातात काही नाही, नुसता वारा विकायचा.

बंदी आली तरी धंदा थांबला नाही. इंग्लंडनेही १७३४ मध्ये कायदा करून तो बंद केला. तो कायदा १८६० मध्ये मागे घेतला, कारण सव्वाशे वर्षं लोक तो धाब्यावर बसवून सौदे करतच होते.

### मुंबईचे मंदीवाले

आपल्याकडे जनावरांऐवजी तेजीवाले आणि मंदीवाले हे शब्द रुजले. शेअरांच्या आधीपासून ते कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात चालत होते. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या मुलखातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरांचं वेड माजलं, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. त्याच्या पायाशी वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूसही आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो.

मंदीवाल्यांची सगळ्यांत गाजलेली फजिती १९८२ ची. कोलकात्याकडच्या दलालांनी रिलायन्सचे शेअर जवळ नसताना मोठ्या प्रमाणावर विकले. भाव पाडायचा, मग स्वस्तात घेऊन देणं फेडायचं, असा बेत. समोरून धीरूभाई अंबानींच्या बाजूचे दलाल विकत घेत राहिले. त्या काळी ‘बदला’ नावाची सोय होती: थोडे पैसे देऊन सौदा पुढच्या पंधरवड्यावर ढकलता येई. पण हिशोबाच्या दिवशी घेणाऱ्यांनी सांगितलं, आम्हाला शेअरच पाहिजेत. मंदीवाल्यांकडे ते नव्हते. बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला, आणि शेवटी ज्याच्याकडे शेअर सापडतील त्याच्याकडून मिळेल त्या भावानं त्यांना ते घ्यावे लागले.

उसन्या तुरीकडे परत या म्हणजे हे लख्ख कळेल. समजा मी एकटा नाही, गावातल्या वीस जणांनी उसनी तूर विकली आहे, आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात परत करायची आहे. गावात तूर आहे दहा क्विंटल. ते दहा क्विंटल ज्याच्या घरात आहेत, तो म्हणेल तो भाव. ह्या कोंडीला बाजारात ‘शॉर्ट स्क्वीझ’ म्हणतात. त्या मुलाचं जे झालं ते ह्याचंच लहान रूप.

### जे आपलं नाही ते विकणं ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण घेतो. खरं उत्तर असं की उसनं आणून विकलं तर फसवणूक नाही, आणि न आणताच विकून माल दिला नाही तर आहे. भारतात सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, हाच फरक करते. विकलेला शेअर ठरल्या दिवशी द्यावाच लागतो. शेअर रीतसर उसने घ्यायची सोय एप्रिल २००८ पासून आहे. ज्याच्याकडे पडून आहेत तो भाडं घेऊन देतो, मुदत संपली की परत घेतो. दुसरा मार्ग म्हणजे सकाळी विकून त्याच दिवशी बाजार बंद व्हायच्या आत परत घेणं. जो देऊ शकला नाही त्याच्यासाठी बाजार लिलावातून शेअर आणतो आणि फरक त्याच्याकडून वसूल करतो.

### पण हे लोक मुद्दाम भाव पाडतात ना?

काही पाडतात. खोटी बातमी पसरवून भाव पाडणं गुन्हा आहे, आणि खोटी बातमी पसरवून भाव चढवणंही तितकाच गुन्हा आहे. दुसऱ्या गुन्ह्याबद्दल आपण कमी बोलतो, कारण भाव चढताना सगळे खुशीत असतात.

मंदीवाल्याचा एक उपयोग मात्र मला मान्य करावा लागतो. कंपनीत खोट शोधण्यात ज्याचा फायदा आहे, असा बाजारात तो एकटाच असतो. अमेरिकेत एन्रॉन नावाच्या कंपनीची जगभर वाहवा चालू असताना जिम चानोस ह्या मंदीवाल्यानं तिचे हिशोब तपासले, त्याला ते पटले नाहीत, आणि त्यानं तिचे शेअर उसने विकले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननं दिवाळं जाहीर केलं.

आपल्याकडे ‘शॉर्ट सेलर’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो जानेवारी २०२३ मध्ये. हिंडेनबर्ग ह्या अमेरिकी संस्थेनं अदानी समूहावर आरोपांचा अहवाल काढला आणि भाव पडण्यात आपला फायदा आहे हेही त्यातच सांगितलं. समूहानं आरोप फेटाळले. शेअर मात्र जोरात घसरले. जानेवारी २०२५ मध्ये ती संस्थाच बंद झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सेबीनं काही आरोप सिद्ध होत नसल्याचे आदेश दिले. मंदीवाल्याचं बोलणं ऐकावं, पण त्याचा खिसा कुठे आहे हे पाहून ऐकावं. तेजीवाल्याचंही तसंच.

### शेतमालाचा भाव ह्यांच्यामुळेच पडतो का?

गावात हा प्रश्न सगळ्यांत जास्त तळमळीनं विचारला जातो, आणि म्हणून इथं मला थांबायचं आहे.

शेतमालात उसनी विक्री होत नाही, वायदा होतो. ‘अमुक महिन्यात अमुक भावानं माल देईन’ असा आजच केलेला करार म्हणजे वायदा. ज्याच्याकडे माल नाही असा माणूसही तो विकू शकतो, म्हणून मंदीवाले तिथेही असतात. भाव पडला की राग त्यांच्यावर निघतो.

पण तुरीकडे पाहा. तुरीच्या वायद्यांवर जानेवारी २००७ पासून बंदी आहे. म्हणजे तुरीत वायद्यातला मंदीवालाच नाही. तरीही काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं पावसानं दगा दिला, आणि २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. तो भाव पाहून पुढच्या खरिपात लोकांनी तुरीचा पेरा वाढवला, पाऊसही बरा झाला, बाहेरून आयातही आली. २०१७ च्या सुरुवातीला बाजार समित्यांत तूर मावेना. बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये, व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होते, आणि सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या. लोक पोत्यांवर झोपून रात्री काढत होते.

सोयाबीनचंही तेच. २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचे वायदे बंद झाले, आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना आपल्याकडच्या बाजार समित्यांत बहुतेक माल त्याच्या खालीच गेला. वायद्यात मंदीवाला नव्हता, तरी मंदी आलीच.

ह्यावरून वायदे चांगलेच असतात असं मी म्हणत नाही. लहान कास्तकाराला त्यांच्यापर्यंत पोहोचणंही कठीण आहे. पण आयात, तेलाचे जागतिक भाव, उशिरा सुरू होणारी खरेदी केंद्रं, कोठाराची सोय नसल्यानं खळ्यावरूनच विकावा लागणारा माल, ही कारणं समोर असताना सगळा दोष न दिसणाऱ्या अस्वलावर टाकला, तर ज्यांना जाब विचारायचा ते सुटतात.

आणखी एक भेद ओळखायला हवा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा बहारावर असतानाच व्यापाऱ्याला दिला जातो. इसार घेतात, फळ अजून हिरवं असतं. हीसुद्धा आधीच केलेली विक्री आहे. पण झाडं शेतात उभी आहेत. विकणारा आपल्या घामाचा भाव आधी पक्का करतो. वायद्यात ह्यालाच जोखीम बांधून घेणं म्हणतात. ज्याचं अस्वल आधीच दावणीला आहे, त्यानं कातड्याचा भाव ठरवला तर त्यात वेडेपणा काय?

### मग आपण करावं का?

माझ्या विद्यार्थ्यांना मी स्पष्ट सांगतो: नका करू. सेबीनं २०२२-२३ सालचे व्यवहार तपासले, तेव्हा एकाच दिवसात शेअर घेऊन-विकून मोकळे होणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जण तोट्यात निघाले. त्यांत घेऊन विकणारे होते, विकून घेणारेही होते. वायदे आणि ऑप्शन (ठरल्या भावानं पुढे घेण्या-विकण्याचा नुसता हक्क विकत घ्यायचे सौदे) यांच्या व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. आणि ज्या ग्रुपात ‘आज बेअर व्हा’ असा निरोप येतो, तो पाठवणाऱ्यानं स्वतः काय विकलंय की घेतलंय, हे त्या निरोपात कधीच नसतं.

मुलाला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. आधी आम्ही वहीवर तुरीचा हिशोब मांडला, १०,००० चा आणि १३,००० चा. तो बराच वेळ त्या दुसऱ्या रकान्याकडे पाहत होता. मग त्यानं मोबाइलवरचा बाजाराचा कागद पुन्हा उघडला आणि ‘ऑक्शन’ ह्या शब्दावर बोट ठेवलं. “म्हणजे हे काकाजीनं तूर वापस मागतली, नाई का?”

“हो.”

चार दिवसांनी त्याची आजी रस्त्यात भेटली. शेअर काय असतो ते तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, “मास्तर, पोराकडं कोनाचं देनं तं नाही ना राह्यलं?” नाही राहिलं, मी सांगितलं. सोयाबीनच्या पैशातून त्यानं ते फेडलं होतं.